निकलाउस विर्थ (१९३४–२०२४) : पास्कलच्या पलीकडचा माणूस

अर्धविराम | १५ फेब्रुवारी

१ जानेवारीला प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवणारे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ गेले. आज असते तर नव्वद पूर्ण झाली असती. नववर्षाच्या शुभेच्छांच्या गदारोळात बातमी विरून गेली. इथे कुणीतरी धागा काढेल म्हणून वाट पाहिली, कुणी काढला नाही, तेव्हा आज वाढदिवसाचं निमित्त साधून मीच काढतोय. लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

विर्थ म्हटलं की 'पास्कलवाले ना?' एवढं बोलून लोक मोकळे होतात. पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांच्या आयुष्यातली मधली पायरी. माझ्या मते त्यांची खरी करामत पुढची आहे. बाकीचे लोक दर आवृत्तीला भाषेत भर घालतात. हा गृहस्थ दर वेळी काहीतरी काढून टाकत गेला. आणि काढून टाकल्यावरही सगळं चालतं हे दाखवण्यासाठी स्वतःच कंपायलर (त्या भाषेतला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारा प्रोग्रॅम) लिहायचा, स्वतःच ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा, प्रसंगी यंत्रही स्वतःच बांधायचा.

जन्म स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा, वडील शिक्षक. लहानपणी मॉडेल विमानांचं वेड. विमानं रेडिओवर उडवायची तर सर्किटं जुळवता आली पाहिजेत, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून पदवी, मग कॅनडात लावाल विद्यापीठ, मग बर्कली. तिथे १९६३ साली पीएच.डी., आणि लगेच स्टॅनफर्डला नोकरी.

त्या काळात अल्गोल ६० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पुढची भाषा ठरवायला एक आंतरराष्ट्रीय समिती बसली होती. विर्थ आणि संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६६ मध्ये एक आटोपशीर प्रस्ताव मांडला. समितीला तो फारच साधा वाटला. समितीने डच संगणकशास्त्रज्ञ वान वाइनगार्डन यांचा भव्य आराखडा उचलला, त्यातून अल्गोल ६८ निघाली, आणि तिची व्याख्या वाचतानाच भल्याभल्यांची दमछाक झाली. विर्थनी वाद घालत बसण्यापेक्षा आपला नाकारलेला प्रस्ताव स्टॅनफर्डच्या आयबीएम ३६० संगणकावर चालवून दाखवला. ती अल्गोल डब्ल्यू. तिचा कंपायलर लिहायला बरी भाषा हवी म्हणून आधी पीएल ३६० नावाची भाषा केली. म्हणजे हत्यार करायला हत्यार केलं.

मग मायदेशी परतून १९७० मध्ये पास्कल. तिच्या कंपायलरची गोष्ट मला फार आवडते. पहिला प्रयत्न फोरट्रान या जुन्या भाषेत झाला आणि फसला. फोरट्रानमध्ये तेव्हा रेकॉर्ड (वेगवेगळी माहिती एका गठ्ठ्यात बांधणं) नाहीत, पॉइंटर (माहितीचा पत्ता) नाहीत, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही. त्यामुळे कंपायलरची घडणच वेडीवाकडी होत गेली. ते सगळं टाकून दिलं. दुसऱ्या वेळी अख्खा कंपायलर लिहिला तो पास्कलमध्येच! ज्या भाषेचा एकही कंपायलर जगात नाही, त्या भाषेत. चालवून बघायची सोय नाही, चुका डोळ्यांनीच शोधायच्या. मग एका सहकाऱ्याने तो सगळा हाताने एका खालच्या पातळीच्या भाषेत उतरवला. ती प्रत चालली, तिने मूळ पास्कलमधला कंपायलर कंपाइल केला, आणि त्यानंतर हाताने केलेल्या त्या प्रतीचं काम संपलं.

पास्कल शिकताना 'व्हेरिएबल सगळे वरच का जाहीर करायचे' म्हणून आम्ही कुरकुरायचो. कारण असं, की कंपायलरने मजकूर वरून खाली एकदाच वाचावा आणि वाचता वाचता कोड काढून मोकळं व्हावं. मागे वळून बघायची वेळच येऊ नये. भाषा आखतानाच कंपायलर डोळ्यांपुढे होता.

पुढे १९७६-७७ मध्ये ते अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात वर्षभर होते. तिथे आल्टो नावाचा संगणक एकेकाच्या टेबलावर: ग्राफिक पडदा, माऊस, सगळं. परतल्यावर तसा हवा होता, पण आल्टो विकत मिळत नव्हता. मग स्वतःच बांधला. त्याचं नाव लिलिथ. त्यावरचं सगळं सॉफ्टवेअर एकाच भाषेत, मॉड्युला-२ मध्ये. त्यानंतर सहकारी युर्ग गुटक्नेख्त यांच्याबरोबर ओबेरॉन : भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही. ओबेरॉन भाषेची अधिकृत व्याख्या जेमतेम सोळा पानांची. आपल्याकडे सोसायटीचे उपविधी याहून मोठे असतात.

१९८४ मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार, १९९९ मध्ये निवृत्ती. बाकी प्रतिसादांत बोलू.

---

शेवग्याची_शेंग

छान लिहिलंय. टर्बो पास्कलचा निळा पडदा आठवला. एफ९ दाबलं की फ्लॉपीची खरखर थांबायच्या आत कंपाइल झालेलं असायचं.

---

भोवरा

लेख उत्तम, पण थोडा आरतीच्या अंगाने गेलाय. पास्कलला लोकांनी उगाच शिव्या घातल्या का? सी भाषेच्या प्रसिद्ध पुस्तकाचे सहलेखक ब्रायन कर्निहान यांनी १९८१ मध्ये 'पास्कल माझी आवडती भाषा का नाही' असा निबंधच लिहिला होता, आणि त्यातले मुद्दे बिनतोड आहेत. मूळ पास्कलमध्ये ॲरेची (एकाच जातीच्या माहितीच्या रांगेची) लांबी हा त्याच्या टाइपचाच, म्हणजे प्रकाराचाच भाग. दहा आकड्यांचा ॲरे वेगळा टाइप, वीस आकड्यांचा वेगळा. म्हणजे कुठल्याही लांबीचा ॲरे घेऊन क्रमाने लावणारं एक साधं फंक्शन लिहिता येत नाही! स्ट्रिंगचीही तीच रड. प्रोग्रॅमचे तुकडे वेगवेगळे कंपाइल करायची सोय नाही. शिकवायला ठीक, पण पोटापाण्याचा प्रोग्रॅम लिहायला बसलं की हात बांधल्यासारखे.

आम्ही सी भाषावाले त्याच सुमारास मजेत होतो.

---

अर्धविराम

@भोवरा, आरती नको हे मान्य. :) ॲरेचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण पुढे काय झालं तेही बघा. मॉड्युला-२ मध्ये नावाप्रमाणेच मॉड्यूल आले, वेगवेगळं कंपाइल करता येऊ लागलं, आणि फंक्शनला कुठल्याही लांबीचा ॲरे देता येऊ लागला. म्हणजे टीकेतलं ठळक ते दुरुस्त झालं, पण पास्कलवर ठिगळं लावून नव्हे. नवी भाषा करून. पास्कलशी सुसंगत राहायचा मोह त्यांनी टाळला. त्याची किंमतही मोजली : पास्कल जगभर गेली, मॉड्युला-२ त्या मानाने फारच कमी ठिकाणी, आणि ओबेरॉन ऐकून माहीत असलेले इथे किती निघतील?

सी वाले मजेत होते म्हणता. ॲरेच्या बाहेर लिहिल्यावर किती रात्री जागलात तेही सांगा.

---

भोवरा

त्या रात्रींबद्दल इथे बोलायचं नाही असं ठरलं होतं.

---

झुरिककर

मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. इकडे आडनाव 'व्हिर्ट' असं काहीसं उच्चारतात. त्यावरून तो जुना विनोद : युरोपातले लोक त्यांना नीट नावाने हाक मारतात, म्हणजे 'कॉल बाय नेम', आणि अमेरिकन लोक 'निकल्स वर्थ' म्हणतात, म्हणजे पाच सेंटच्या किमतीने, 'कॉल बाय व्हॅल्यू'. ज्यांनी प्रोग्रॅमिंग केलं नाही त्यांनी हसल्यासारखं करावं.

एक भर घालतो. लॉजिटेक ही माऊसवाली कंपनी स्विसच. ती सुरुवातीच्या काळात मॉड्युला-२ चा कंपायलरही विकायची. त्या काळात या देशात माऊस आणि मॉड्युला ही जोडगोळीच होती.

---

नवशिका_२००२

माझा जन्मच २००२ चा. :) आम्हाला पायथन आणि जावा. पास्कल कुणी नावालाही काढली नाही. मग आजच्या माणसाने यांना का लक्षात ठेवायचं? खवचटपणे विचारत नाहीये, खरंच विचारतोय.

---

अर्धविराम

@नवशिका, प्रश्न रास्त आहे. तू जावा शिकलास ना? जावाचा कंपायलर थेट प्रोसेसरचा कोड काढत नाही, बाइटकोड काढतो, आणि तो एका काल्पनिक यंत्रावर चालतो. हीच युक्ती सत्तरच्या दशकात झुरिकने पास्कलसाठी केली होती. जगभरची विद्यापीठं पास्कल मागत होती, आणि प्रत्येकाकडे वेगळा संगणक. म्हणून कंपायलर एका काल्पनिक स्टॅक यंत्राचा कोड काढेल असा केला, त्याला पी-कोड म्हणायचे. नव्या संगणकावर पास्कल न्यायची तर ते छोटं काल्पनिक यंत्र तेवढं तिथे लिहायचं. पुढे सॅन दिएगोच्या विद्यापीठाने त्यावर आपली यूसीएसडी पास्कल उभी केली आणि ती ॲपल २ सारख्या छोट्या मशीनपर्यंत पोचली. ही कल्पना त्याआधीही कुठे कुठे होती, पण घरोघरी गेली ती पास्कलबरोबर.

दुसरं, गो ही भाषा ऐकली असशील. ती करणाऱ्या तिघांपैकी रॉबर्ट ग्रिझमर हे ईटीएचचेच, विर्थ यांच्या परंपरेतले. पॅकेजची मांडणी, बाहेरच्यांना काय दिसावं आणि काय नाही हे नावावरच खूण करून सांगणं, हे ओबेरॉनच्या घरचं वळण. ओबेरॉनमध्ये नावापुढे तारा काढायचा, गोमध्ये नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं.

---

शेवग्याची_शेंग

आणि टर्बो पास्कलच्या मागचा माणूस आंदर्स हाइल्सबर्ग. १९८३ मध्ये बोरलँडने ते ४९.९५ डॉलरला विकायला काढलं, तेव्हा बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरला होते. पुढे त्याच हाइल्सबर्गनी डेल्फी केलं, मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन सी शार्प, आणि नंतर टाइपस्क्रिप्ट. विंडोजवरचं जुनं स्काइपही डेल्फीत लिहिलेलं होतं. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाशी स्काइपवर बोलणाऱ्या आमच्या पेठेतल्या आजी-आजोबांपर्यंत विर्थ पोचले होते म्हणायचे.

---

सातवा_मजला

त्यांचा १९९५ चा सडपातळ सॉफ्टवेअरवरचा लेख कुणी वाचलाय का? त्यात लिहिलंय की पंचवीस वर्षांपूर्वी टेक्स्ट एडिटर आठ हजार बाइटमध्ये बसायचा, ऑपरेटिंग सिस्टिमलाही तेवढ्यातच भागवावं लागायचं, आणि कंपायलर ३२ किलोबाइटमध्ये. हार्डवेअर जितक्या वेगाने वेगवान होतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं, हा 'विर्थचा नियम' त्याच लेखावरून पडला. त्यांनी स्वतः श्रेय मार्टिन रायझरना दिलंय, पण नियमाला नाव यांचंच चिकटलं.

आज फोनवर विजेचं बिल भरायला ॲप उघडलं. आधी ते अपडेट झालं, मग त्याने लोकेशन मागितलं, मग दिवाळीच्या ऑफरची जाहिरात दाखवली (फेब्रुवारीत!), मग बिल. हल्लीची सॉफ्टवेअरं म्हणजे रुखवत झालीत. मांडलेलं सगळं, वापरात दोन भांडी.

---

रानजाई

या 'पूर्वी आठ हजार बाइटमध्ये बसायचं' प्रकाराचा मला थोडा कंटाळा आलाय, म्हणून उलट बाजू मांडते. मी फाँट आणि लिपीच्या कामात आहे.

या धाग्याच्या शीर्षकातला 'विर्थ' हा एकच शब्द घ्या. तुम्ही व टाइप केला आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी वच्या आधी यायला हवी. मग र, हलन्त, थ. तो र स्वतःच्या जागी दिसायचाच नाही, थच्या डोक्यावर रफार होऊन बसायचा. दोन अक्षरी नावात क्रम एकदा पुढेमागे झाला आणि एका व्यंजनाने रूप बदललं. त्यातून 'क्ष', 'त्र', 'द्ध्य' आणि मराठीतला 'ऱ्य' वेगळेच. हे सगळं करायला फाँटमध्ये नियमांची कोष्टकं लागतात आणि ते नियम लावणारं इंजिन लागतं. आठ हजार बाइटच्या एडिटरमध्ये हे नव्हतं, कारण तो एडिटर ज्यांच्यासाठी होता त्यांना सव्वीस अक्षरं पुरत होती.

ओबेरॉनमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट. मोठी देखणी सिस्टिम, पण तिच्यात मी माझं नाव लिहू शकत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर फुगलं म्हणताना त्या फुगण्यात आपली लिपीही आहे हे लक्षात असू द्या.

---

सातवा_मजला

हा विचारच केला नव्हता. भारी प्रतिसाद.

---

पोटमाळा

रानजाईताई, बरोबर बोललात. आणि मी त्या काळाचा साक्षीदार आहे. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही तालुक्यातल्या पतसंस्थांसाठी टर्बो पास्कलमध्ये सॉफ्टवेअर लिहायचो. ठेवी, कर्ज, व्याज, सगळं एका फ्लॉपीत. व्याजाचे आकडे बरोबर यायचे, पण सभासद पावती हातात घेऊन म्हणायचा, 'हे इंग्रजीत काय लिहिलंय?' पावती मराठीत हवी.

तेव्हा पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं जिस्ट कार्ड होतं. संगणकाचं झाकण उघडून ते आत बसवायचं, की डॉसच्या साध्या टेक्स्ट पडद्यावर देवनागरी दिसायला लागायची. आपला प्रोग्रॅम नुसते बाइट पाठवतोय, जोडाक्षरं जुळवायचं काम ते कार्ड करतंय. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे सी-डॅकने वाढवलं. म्हणजे ताई म्हणतात ते इंजिन तेव्हा चक्क वेगळं हार्डवेअर म्हणून विकत घ्यावं लागायचं.

पण एक सांगतो. पास्कलचा आमचा कोड त्यासाठी फारसा बदलावा लागला नाही. छपाईचा भाग वेगळ्या युनिटमध्ये होता, तेवढाच हलवला. त्याच संस्थांकडे दुसऱ्या कुणी बेसिकमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम होते. त्यात गोटूने (प्रोग्रॅममध्ये थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी आज्ञा) इतक्या उड्या मारलेल्या, की एक ओळ हलवली की व्याज बदलायचं.

---

भोवरा

गोटूवरून आठवलं. डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचं ते १९६८ चं प्रसिद्ध पत्र, 'गोटू घातक आहे' वालं, त्याचं शीर्षक डायक्स्ट्रांचं नव्हतंच. त्यांनी 'गोटूविरुद्धची बाजू' अशा अर्थाचं सौम्य शीर्षक दिलं होतं. ते बदलून भडक केलं संपादकांनी. संपादक कोण? आपले विर्थ. 'अमुक घातक आहे' छापाचे हजारो मथळे त्यानंतर निघाले, त्याचं पाप यांच्याच माथी.

(बघा, मीही कौतुक करायला लागलो.)

---

अर्धविराम

@रानजाई, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. पूर्ण मान्य, फक्त एक जोड. त्याच लेखात विर्थ भेद करतात : प्रश्नातच मुळात असलेली गुंतागुंत वेगळी, आणि आपण ओढवून घेतलेली वेगळी. रफार थच्या डोक्यावर बसवणं ही पहिल्या जातीची. लिपीच तशी आहे, त्याला इलाज नाही आणि इलाज करायचाही नाही. बिल भरताना दिवाळीची जाहिरात ही दुसरी. त्यांचं भांडण दुसरीशी होतं. मात्र 'मुळात काय आवश्यक' हे ठरवताना त्यांच्या टेबलावर देवनागरी नव्हती, हा तुमचा बाण वर्मी लागलाय. तो मी परतवू शकत नाही.

कंपायलरबाबतचा त्यांचा दंडक मात्र मला आजही बिनतोड वाटतो. कुणी कंपायलरमध्ये सुधारणा आणली, अमुक क्लृप्तीने कोड वेगवान होतो वगैरे, की ते एकच बघायचे : ती घातल्यावर कंपायलर स्वतःला पूर्वीपेक्षा कमी वेळात कंपाइल करतो का? क्लृप्तीमुळे कंपायलर मोठा होणार, तेव्हा कंपाइल करायला जास्त मजकूर. पण तोच वेगवान होणार, तेव्हा वेळ कमी. बेरीज नफ्यात असेल तर ठेवायची, तोट्यात असेल तर बाहेर. वादावादी नाही, घड्याळ लावायचं.

---

रानजाई

ही कसोटी आवडली. आमच्या ऑफिसात लावली तर निम्मे प्रोजेक्ट बंद पडतील. :)

मुद्दा पोचला. जाहिरातीच्या बाजूने मीही उभी राहणार नाही.

---

नवशिका_२००२

धागा वाचून हुरूप आलाय. कुठून सुरुवात करू? पास्कल शिकण्यात अर्थ आहे का आता?

---

पोटमाळा

फ्री पास्कल फुकट मिळतो, आजच्या लिनक्सवरही चालतो. पण भाषेआधी त्यांचा १९७१ चा 'पायरी पायरीने प्रोग्रॅम घडवणे' या विषयावरचा निबंध वाच. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीच कुणाला मारणार नाही, एवढं एकच कोडं घेतलंय. आधी ढोबळ वाक्यांत उत्तर, मग एकेका वाक्याची फोड, आणि प्रत्येक फोडीला 'इथे हा निर्णय का घेतला, दुसरा का नाही'. वही-पेन घेऊन बस.

---

झुरिककर

आणि ते झालं की ओबेरॉन चालवून बघ. ही गोष्ट वर कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. निवृत्तीनंतर, ऐंशीच्या घरात आल्यावर, विर्थनी ओबेरॉन पुन्हा हातात घेतली. जुना प्रोसेसर बाजारातून गेला होता. तर यांनी स्वतःचा छोटा प्रोसेसर व्हेरिलॉग या सर्किटं वर्णन करायच्या भाषेत लिहिला, एका स्वस्त एफपीजीए बोर्डावर (ज्यावरच्या चिपची रचना आपल्याला हवी तशी बदलता येते) चढवला, त्याच्यासाठी कंपायलर नव्याने केला आणि अख्खी सिस्टिम त्यावर उभी केली. १९९२ च्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये आली, तीत प्रोसेसरपासून एडिटरपर्यंत सगळं उलगडून सांगितलंय. एका माणसाला तळापासून वरपर्यंत वाचून समजेल असा पूर्ण संगणक.

बोर्ड घ्यायची गरज नाही, फुकट एम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मिळतो, ब्राउझरमध्ये चालणाराही आहे. सुरू झाल्यावर गोंधळशील, कारण बटणं-बिटणं काही दिसणार नाहीत. पडद्यावरचा कुठलाही मजकूरच आज्ञा असू शकतो. मॉड्यूलचं नाव, टिंब, आज्ञेचं नाव असं कुठेही लिहिलेलं असलं, की त्यावर माऊसच्या मधल्या बटणाने टिचकी मारायची, ती आज्ञा चालते. स्वतःच्या नोंदींच्या फायलीत आज्ञा लिहून ठेव, तोच तुझा मेनू.

---

नवशिका_२००२

उघडलं! पण लॅपटॉपला माऊसच नाहीये, मधलं बटण कुठून आणू?

---

झुरिककर

डावीकडचं ऑल्ट दाब, ते मधल्या बटणाचं काम करतं. आणि आज्ञा चालली नाही तर स्पेलिंग बघ. मोठं अक्षर, छोटं अक्षर वेगळं धरतात तिथे.